ख्नूमचं चाक आणि अडलेला होकार

इजिप्तहून आल्यापासून पनवेलमध्ये जो भेटतो तो विचारतो, पिरॅमिड कसे होते? मोठे होते. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल मला काही सांगायचं नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. मला सांगायचं आहे ते तिथल्या जग घडवणाऱ्या देवांबद्दल, कारण त्या देवांच्या आडून माझ्या घरातल्या दोन बायका माझ्याकडून एक होकार काढायला निघाल्या होत्या. मुलीला, मंजिरीला, एक मूल दत्तक घ्यायचं होतं आणि मी मनापासून ‘हो’ म्हटल्याशिवाय ती पुढे पाऊल टाकणार नव्हती. हे मला बरंच उशिरा कळलं. पण काहीतरी शिजतंय, एवढा वास मात्र गाडी कळंबोलीच्या सर्कलला पोचायच्या आत आला होता.

माझा जन्म उरणच्या बाजूचा, घर पनवेलला आणि अख्खी नोकरी जासईच्या कंटेनर यार्डात. मी सर्व्हेअर होतो. कंटेनर आला की सील बघायचं, पत्रा ठोकायचा, कागदावर एक आणि आत दुसरंच असं तर नाही ना याची खात्री करायची. मालाच्या कागदावर इंग्रजीत छापलेलंच असतं, ‘सेड टू कंटेन’. म्हणजे आत अमुक आहे असं पाठवणारा म्हणतो, खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. अशी नोकरी केलेल्या माणसाला जावई सहलीला का येत नाही हे ‘रजा नाही’ एवढ्यावर पटावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. डिसेंबर महिना, मुलीने आणि जावयाने मिळून ठरवलेली सहल, आणि आयत्या वेळी नितीनला रजा नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलीच्या संसारात काहीतरी बिनसलंय, असं मी धरून चाललो.

कैरो

विमानतळावर आम्हाला घ्यायला हानी नावाचा गाइड आला होता. तरुण, जाडसर, सतत हसरा. एवढा हसणारा माणूस यार्डात आला की मी आधी त्याचाच कंटेनर उघडायला लावत असे. पण त्याचं इंग्रजी सोपं होतं, आणि हिंदी सिनेमे पाहून शिकलेले दहापाच शब्द तो मधे मधे पेरायचा. मला ‘अंकल’ आणि माझ्या बायकोला, सुमनला, ‘मम्मी’ म्हणायचा. सुमन लगेच विरघळली. मी नाही.

पहिल्या दुपारी त्याने आम्हाला कोशारी खायला घातली. भात, मसूर, मॅकरोनी, वरून तळलेला कांदा आणि टोमॅटोचा आंबट रस, सगळं एकाच वाडग्यात. कालचं उरलेलं एकत्र करून पाहुण्यांच्या गळ्यात मारताहेत, अशी माझी शंका. सुमनने दुसरा वाडगा मागवला.

मग तो आम्हाला शहराच्या एका टोकाला घेऊन गेला. आजूबाजूला वस्ती, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, आणि मधेच एक उंच दगडी खांब. इथे फार पूर्वी सूर्याचं मोठं देवस्थान होतं म्हणे. इथल्या पुजाऱ्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला काहीच नव्हतं, नुसतं काळं, थांबलेलं पाणी. त्याचं नाव नून. त्या पाण्यातून मातीचा एक उंचवटा वर आला. भरतीचं पाणी ओसरू लागलं की आमच्या खाजणात पहिल्यांदा बांधाची पाठ दिसते, तसा. आणि त्या उंचवट्यावर उभा होता आटुम.

“त्याला कुणी निर्माण केलं?” मी विचारलं.

“कुणी नाही. तो स्वतःच झाला.”

“हे पाहिलं कुणी? साक्षीदार?”

“अंकल, साक्षीदार त्याने नंतर निर्माण केले.”

उत्तर चोख होतं, म्हणून मला अधिकच संशय आला. पुढे हानी म्हणाला की आटुम एकटा होता, म्हणून त्याने थुंकून दोन मुलं केली, हवा आणि ओलावा. “या गोष्टीचा आणखी एक प्रकार आहे,” असं म्हणून तो बायकांकडे बघून थांबला. लपवलेला माल दिसला की माझे हात शिवशिवतात. त्याला चहाच्या टपरीआड गाठून मी तो प्रकार ऐकला. तो इथे लिहिण्यासारखा नाही. एवढंच सांगतो की त्यातही बाईमाणसाचं काही काम नव्हतं.

“काय बोल्ला तो?” सुमनने विचारलं.

“काय नाय. हवापान्याचं.”

जरा वेळाने मंजिरीने हानीला विचारलं, “म्हणजे त्या दोन मुलांना आई नव्हतीच?” तो म्हणाला, “आटुमच बाप, आटुमच आई.” ती मान हलवत बाजूला गेली आणि फोनवर बोलू लागली. मी खांबाचं निरीक्षण करत तिच्या दिशेने सरकलो. कानावर पडलं ते एवढंच, “नाही रे, बाबांना अजून नाही सांगितलं.” घटस्फोट, दुसरं काय असणार!

मेम्फिस

दुसऱ्या दिवशी खजुराच्या झाडांमधून एका जुन्या राजधानीच्या जागी गेलो. आता तिथे फारसं काही उरलेलं नाही. एका राजाचा प्रचंड पुतळा उताणा पडला आहे, आणि लोक त्याच्या कानाशी उभे राहून फोटो काढतात. इथला देव प्ताह, कारागिरांचा देव. त्याने जग कसं केलं, तर हृदयात आणलं आणि जिभेने उच्चारलं. नाव घेतलं की वस्तू हजर.

“अरे, मग कालच्या आटुमचं काय?”

“इथले पुजारी म्हणत, आटुमसुद्धा प्ताहच्याच जिभेवरून आला.”

म्हणजे एकाच मालावर दोन मालक. आमच्याकडे असा घोळ झाला तर निकाल लागेपर्यंत माल अडकवून ठेवतात. हानीला तसं सांगितलं तर तो म्हणाला, “आम्ही दोघांचीही देवळं बांधली.” असा व्यवहार मला पटत नाही, पण भांडणतंटा टळतो हे खरं.

मंजिरी पुतळ्याच्या मुठीशी उभी होती. मला म्हणाली, “बाबा, एखादी गोष्ट मनापासून ‘माझी’ म्हटली की ती आपली होते, असं वाटतं तुम्हाला?”

“म्हणायला काय लागतं? कागद नको?” मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला. मग मीच न राहवून विचारलं, “नितीनचं आणि तुझं बरं चाललंय ना?”

“एकदम बरं आहे, बाबा,” ती म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली की त्यात काही तथ्य नसणार, असं मी ठरवून टाकलं.

एस्ना

लक्सरहून आम्ही नदीच्या बोटीत बसलो. एस्नाला नाईलवर बंधारा आहे. बोटी एकेक करून दोन दरवाज्यांमध्ये घेतात आणि पाणी भरून वर चढवतात, तोवर बाकीच्या रांगेत थांबतात. तिथे एक मजा पाहिली. छोट्या होड्यांतले विक्रेते बोटीला खेटून येतात आणि खालून कपड्यांच्या पिशव्या थेट तिसऱ्या मजल्यावरच्या डेकवर फेकतात. आवडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे, नाही आवडलं तर कपडा परत टाकायचा. उरणजवळ मोरा बंदराच्या धक्क्यावर आमच्या कोळणी टोपली आधी हातात देऊन भाव मागाहून सांगतात, त्यातलीच तऱ्हा, फक्त नेम अधिक चांगला. एक पिशवी माझ्या टोपीवर बसली, टोपी नाईलमध्ये गेली, आणि खालचा माणूस ती काठीने काढून तीच मला विकू लागला. मी संतापून घासाघीस करत होतो, तेवढ्यात शेजारी पाहतो तर सुमनच्या हातात एक इवलासा झगा. पांढरा, गळ्याशी निळी वेलबुट्टी. वर्षाच्या आतल्या पोराला होईल एवढा.

“हा कुणाला?”

“आसंल कुनाला तरी. सोबा बगा ना किती हाय.”

आमच्या अख्ख्या नात्यात त्या मापाचं पोर नव्हतं. मंजिरी पाण्याकडे बघू लागली. माझा घटस्फोटाचा हिशेब तिथेच डळमळला, आणि दुसरी, फार गोड शंका मनात शिरली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, किती डॉक्टर झाले, किती नवस झाले. बोटीच्या जिन्यावरून उतरताना मी पोरीचा हात धरला.

एस्नाचं देऊळ बाजाराच्या मधोमध एका खोल खड्ड्यात आहे. आजूबाजूचं गाव शतकानुशतकं वर चढत गेलं, देऊळ खालीच राहिलं. मसाल्यांची आणि कापडाची दुकानं ओलांडून पायऱ्या उतरायच्या. आत खांबांचं दाट रान, आणि छत काजळीने काळंकुट्ट. आमच्या चुलीवरच्या माळ्यासारखं.

इथला देव ख्नूम, डोकं मेंढ्याचं आणि धंदा कुंभाराचा. नाईलचा गाळ घ्यायचा, चाकावर ठेवायचा, एकेक माणूस घडवायचा आणि आईच्या पोटात नेऊन ठेवायचा. केवळ आपल्याच लोकांना नव्हे, परमुलखातल्या, परभाषेच्या माणसांनाही त्यानेच घडवलं, असं इथल्या खांबांवर कोरलंय म्हणे. हाडांवर कातडं कसं ताणलं, केस कसे रुजवले, सगळं. मला आजवरच्या देवांत हा बरा वाटला. निदान त्याच्या हाताला माती तरी लागलेली होती.

“मग एकदा ख्नूम दमला,” हानी सांगत होता. “एकेक पोर किती दिवस घडवणार? त्याने आपलं चाक मोडलं आणि प्रत्येक बाईच्या पोटात एकेक चाक ठेवून दिलं. तेव्हापासून ते काम बायकाच करतात.”

मंजिरी खांबाला टेकली. “माझ्यात ठेवायचं राहिलं त्याच्याकडून,” ती मराठीत म्हणाली. हानीला कळलं नाही, पण त्याचं हसू थांबलं आणि तो आम्हाला सोडून पुढे गेला.

मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच हात टेकले होते. दोघांनी एका संस्थेत नाव घातलं होतं. आठ महिन्यांची एक मुलगी होती, दोघं जाऊन भेटून आली होती. संस्थेचं बोलावणं कधीही येईल, म्हणून नितीन मागे थांबला होता. आम्ही परतलो की संस्थेतल्या बाई घरी येणार होत्या, आजीआजोबांशीही बोलणार होत्या. “तुम्हाला नको असेल तर मी नाही घेणार, बाबा. तिला आमच्या घरात संशयाने बघणारं कुणी नकोय मला.”

सुमनला हे सगळं आधीपासून माहीत होतं. झगा तिने उगाच घेतला नव्हता.

माझ्या तोंडून निघालं ते असं, “कुणाची पोर? आईबाप कोण? कुठून आली, काही ठावठिकाणा?” आणि मंजिरी बघत राहिली तसा मी आणखी एक मुद्दा काढला. “तिची पाचवी कुणी पुजली? पाटा-वरवंटा मांडला कुणी? सटवाई कपाळावर लिहायला आली असेल तर कुणाच्या दारात आली असेल?” आमच्याकडे पाचवीशिवाय पोराचा जन्म पुरा होत नाही. तो मुद्दा मला बिनतोड वाटला.

सुमन पदर खोचून माझ्यापुढे उभी राहिली. “ह्या देवांनी थुंकून पोरं केली, बोलून केली, चिखलाची केली. आपल्या पार्वतीनं आंगाच्या मळाचा केला. एकाची तरी पाचवी पुजली का कुनी? शंकरानं असंच इचारलं व्हतं, तू कोन म्हनून. आनि पोराचं मुंडकं उडवून बसला. मंग हत्तीचं डोकं शोधीत फिरला. तुमी पन तसंच करनार हाव का?”

काळ्या छताखाली तिचा आवाज घुमला. मी वर निघून आलो आणि बाजारात उगाच जिऱ्याचा भाव विचारत बसलो.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी उभा जन्म कंटेनर तपासले. ही पोर घरात आली, तिने हट्ट केला, खोटं बोलली, परीक्षेत नापास झाली, की मी मनातल्या मनात पत्रा ठोकून बघणार, हे कुठून आलं म्हणून. तिला ते कळणार. पोरांना कळतंच. रात्रीच्या जेवणाला नाईलचा मासा होता, आपल्या चिलापीचाच भाऊबंद. ताजेपणा बघायला कल्लेही नसलेला तो शिजलेला मासा सुमनने सवयीने उलटापालटा करून पाहिला आणि माझ्या ताटात वाढला.

अस्वान

अस्वानला नदीत एक बेट आहे, ख्नूमचं मूळ ठाणं. देवळाचे पडके दगड पाहून आम्ही शेजारच्या नुबियन गावातून चाललो होतो. मातीच्या निळ्यापिवळ्या भिंती, दारात बाया. मंजिरी पुढे, मी मागे, मधे हानी कोणती बाजू घ्यावी या विचारात. तेवढ्यात एका घरातून खलबत्ता कुटल्याचा आवाज आला आणि सुमन थबकली. बोलावणं वगैरे तिला लागत नाही. आम्ही तिच्या मागोमाग आत.

अंगणात बायका जमलेल्या. जमिनीवर एका मोठ्या चाळणीत पोर निजवलेलं, भोवती धान्य पसरलेलं, शेजारी रंगीत फिती बांधलेली मातीची सुरई. सुरई म्हणजे मुलगी, हानी कुजबुजला. आई पोरीला ओलांडून इकडून तिकडे जात होती. म्हातारी आजी पितळी खलबत्ता पोरीच्या कानाशी कुटत मोठमोठ्यानं काहीतरी बजावत होती. आईचं ऐक, बापाचं ऐकू नको, असा त्याचा अर्थ होता, आणि बाप कोपऱ्यात उभा राहून हसत होता. याला ते सबूअ म्हणतात. पोर सात दिवसांचं झालं की करतात.

“आपली पाचवीच की वो,” सुमन म्हणाली.

मी पोरीकडे पाहिलं आणि माझे कान उभे राहिले. हे सात दिवसांचं पोर नव्हतं. मान धरत होती, मूठ तोंडात घालत होती, खलबत्त्याकडे वळून बघत होती. चारपाच महिन्यांची तरी असणार. पर्यटकांना दाखवायला मांडलेला खेळ, मी मनात म्हटलं. आता पैसे मागतील.

“हानी, विचार त्यांना. ही सात दिवसांची आहे?”

हानीला अवघडल्यासारखं झालं, पण त्याने विचारलं. म्हातारीने खलबत्ता खाली ठेवला, मला नीट न्याहाळलं आणि उत्तर दिलं. पोर अपुऱ्या दिवसांची जन्मली होती. महिनोन्‌महिने कैरोच्या इस्पितळात काचेच्या पेटीत होती. गेल्या आठवड्यात घरी आली.

“पण मग सात दिवस?” मी हट्टाने विचारलं.

हानीने म्हातारीचं बोलणं सांगितलं, “ती म्हणते, दिवस घरात आल्यापासून मोजायचे. घरी यायच्या आधी कोण मोजणार होतं?”

कुणी पैसे मागितले नाहीत. उलट आमच्या हातात भाजलेले चणे आणि खडीसाखरेच्या पुड्या दिल्या. सुमन म्हातारीजवळ बसली आणि आपल्या बोलीत तिला पाट्या-वरवंट्याचं सांगू लागली. म्हातारी तिच्या भाषेत उत्तरं देत होती. दोघींचं काही अडलं नाही. थोड्या वेळाने सुमन खलबत्ता कुटत होती.

परतताना शिडाच्या होडीत वारा पडला होता आणि होडी जागच्या जागी डुलत होती. सुमन माझ्याकडे न बघता म्हणाली, “पाचवी आमी पुजू. सटवाईला पनवेल कुटं हाय ते ठावं हाय.”

मी मंजिरीकडे हात पुढे केला. “फोटो असेल ना तिचा?”

तिने फोन दिला. पडदा केवढासा, त्यात उन्हाची तिरीप. हाताची सावली करून पाहिलं. एक सावळी, टक्कल केलेली पोरगी सतरंजीवर बसली होती. हसत नव्हती. भुवया जवळ आणून, मान किंचित वाकडी करून, फोटो काढणाऱ्याकडे ती अशी बघत होती, जणू याच्या हातातल्या डब्यात नक्की काय आहे ते आधी उघडून दाखव, मग पुढचं बोलू. नितीन पुढे खुळखुळा वाजवत होता तरी ती त्याला भुलली नव्हती, असं मंजिरीने सांगितलं.

मी बराच वेळ बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी कुणापासून लपवलं नाही.

“हो,” मी म्हणालो. “घेऊन ये तिला.”

पनवेल

जानेवारीत संस्थेतल्या बाई घरी आल्या. मी दारातच त्यांचं ओळखपत्र मागितलं, चष्मा लावून वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. मंजिरीने कपाळाला हात लावला, नितीनने चुळबुळ केली. बाई मात्र शांत होत्या. त्यांनी घर पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, सुमनला बरंच काही विचारलं. मग माझ्याकडे वळल्या.

“काका, तुमची काही हरकत?”

“हरकत नाही. एक शंका आहे.”

मंजिरी खुर्चीतून अर्धवट उठली.

“एकदा का तुम्ही तिला आमच्या हवाली केलंत,” मी म्हणालो, “की नंतर कधी कुणी येऊन, काही कारण काढून, तिला परत तर नाही ना मागणार?”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “कोर्टाचा हुकूम झाला की ती तुमचीच, काका. कुणी नाही मागणार.”

“मग ते मला लिहून पाहिजे,” मी म्हणालो. आणि वाचायला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.